परळचा आमदार गेला कुठे?

या वेळी 'तुमचे प्रश्न'मध्ये एकाच विषयावरचे प्रश्न घेतोय, जुने विधानसभा मतदारसंघ. पत्रं बरीच आली, काही लालबाग-परळकडून, काही कोकणातून, काही सांगली-बीडकडून. सगळ्यांची तक्रार साधारण सारखीच, की आमचा मतदारसंघ होता, आता यादीत दिसत नाही, कुणी काढला आणि का. परळवर जास्त लिहिलंय कारण परळचा इतिहासच तसा आहे, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : माझे सासरे लालबागच्या चाळीत वाढले, आता आम्ही डोंबिवलीला असतो. ते कायम सांगतात आम्ही परळ मतदारसंघाचे. परवा पुतण्याने मोबाइलवर यादी काढली तर मुंबईत परळ नावाचा विधानसभा मतदारसंघच नाही. सासऱ्यांचं काही चुकतंय का?

ताई, सासऱ्यांचं अजिबात चुकत नाही, आणि पुतण्याचंही नाही. परळ विधानसभा मतदारसंघ होता, चांगला जुना होता. त्याचं शेवटचं इलेक्शन ऑक्टोबर २००४ मध्ये झालं आणि तिथून शिवसेनेचे दगडू सकपाळ निवडून आले. २००८ मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली, म्हणजे ज्याला सगळे डिलिमिटेशन म्हणतात ती, त्यात परळ गेला. लालबाग, परळ, काळाचौकी हा पट्टा आता शिवडी मतदारसंघात आहे, क्रमांक १८३. आणि शिवडी पण नवीन नाही बरं का, शिवडी आधीपासून होताच, फक्त आधी तो परळच्या शेजारी होता आणि आता परळ त्याच्या पोटात आहे.

आता गंमत बघा. २००९ ला या नव्या शिवडीत उभे कोण राहिले, तर एकीकडे परळचे मावळते आमदार दगडू सकपाळ आणि दुसरीकडे बाळा नांदगावकर, जे १९९५, १९९९ आणि २००४ असे तीन वेळा माझगावमधून आमदार झाले होते आणि तोवर शिवसेना सोडून मनसेत गेले होते. माझगाव मतदारसंघही त्याच फेररचनेत गेला होता. म्हणजे दोन बुडालेल्या मतदारसंघांचे दोन शेवटचे आमदार तिसऱ्याच मतदारसंघात समोरासमोर, दोघंही मूळचे एकाच पक्षाचे. जिंकले नांदगावकर. मनसेचे त्या वर्षी १३ आमदार आले त्यातले ते एक. २०१४ पासून शिवडीत अजय चौधरी आहेत.

सासऱ्यांना अजून एक विचारून बघा, खासदार कोण होता ते. ते मोहन रावले म्हणतील, कारण परळ तेव्हा दक्षिण मध्य मुंबई लोकसभेत होता. आता शिवडी दक्षिण मुंबईत आहे, म्हणजे लालबागचा आणि कुलाब्याचा खासदार एकच. रावले २००९ ला दक्षिण मुंबईतून उभे राहिले पण मिलिंद देवरा जिंकले आणि दुसऱ्या नंबरवर परत बाळा नांदगावकरच होते. काही महिन्यांनी त्यांनी विधानसभा मारली ती वर सांगितलीच.

प्रश्न : शिवसेनेचा पहिला आमदार परळचा असं ऐकलंय, पण काही लोक माझगाव म्हणतात, काही गिरगाव. खरं काय? आणि ती कृष्णा देसाईंची भानगड काय होती?

पहिला आमदार परळचाच, वामनराव महाडिक, साल १९७०. बाकीची दोन नावं कुठून आली तेही सांगतो, पण आधी देसाईंचं.

'भानगड' हा शब्द इथे नको, कारण तो खून होता. कृष्णा देसाई हे परळचे आमदार, कम्युनिस्ट पक्षाचे, त्याआधी अनेक वर्षं नगरसेवक. गिरणगावातला लाल बावटा म्हणजे काय होता ते आजच्या पोरांना सांगून पटणार नाही, गेटवर मीटिंग, चाळीत शाखा, व्यायामशाळा, गणपती मंडळ, सगळीकडे युनियनचा माणूस, आणि देसाई हे त्यातले रस्त्यावर उतरणारे, अंगापिंडाने दणकट, पोरांमध्ये वजन असलेले. शिवसेना निघाली १९ जून १९६६ ला. पहिल्या चार वर्षांतच सेना आणि कम्युनिस्ट यांची गिरणगावात जोरात जुंपली होती, कारण दोघांना माणसं हवी होती ती तीच, त्याच चाळीतली, त्याच गिरण्यांतली मराठी पोरं. ५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये देसाईंवर हल्ला झाला आणि त्यांचा खून झाला. एका विद्यमान आमदाराचा भर वस्तीत खून, मुंबईने असं काही पाहिलं नव्हतं. शिवसेनेशी संबंधित तरुणांना अटक झाली, केस चालली.

जागा रिकामी झाली म्हणून पोटनिवडणूक लागली, ऑक्टोबर १९७० मध्ये. देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. डावे तर त्यांच्यामागे होतेच, बाकीही बरेच पक्ष त्यांच्या बाजूने आले. शिवसेनेने वामनराव महाडिकांना उभं केलं. आता कुणीही म्हणेल की नवऱ्याचा खून झालेली बाई, सहानुभूती तिच्या बाजूने, कम्युनिस्टांचा बालेकिल्ला, निकाल ठरलेलाच. पण निकाल लागला तो असा, महाडिक ३१,५९२ आणि सरोजिनीबाई २९,९१३. फरक १,६७९ मतांचा.

हा आकडा नीट बघा. सरोजिनीबाईंना जवळजवळ तीस हजार मतं पडली, म्हणजे लाल बावटा काही संपला नव्हता, अर्धा गिरणगाव अजून तिकडेच होता. पण एकाच चाळीतली एक खोली इकडे आणि समोरची तिकडे अशी फूट पडली होती, आणि १,६७९ मतांनी का होईना, सेना विधानसभेत पोचली. पुढे कम्युनिस्टांना गिरणगावात ती जुनी पकड परत कधी आली नाही. त्याची कारणं अनेक सांगता येतील, सगळं या एका निवडणुकीवर ढकलणं बरोबर नाही, पण मुंबईच्या राजकारणाचं वळण कुठलं असं विचारलं तर मी तरी परळची पोटनिवडणूकच सांगेन. महाडिक पुढे १९७८ ला मुंबईचे महापौर झाले आणि १९८९ ला खासदार.

आता गिरगाव आणि माझगाव. १९७२ च्या विधानसभेत शिवसेनेचा एकच आमदार आला, प्रमोद नवलकर, गिरगावातून. १९७८ ला तर एकही नाही. आणि १९८५ ला परत एकच, छगन भुजबळ, माझगावमधून, तेही मशाल चिन्हावर, कारण धनुष्यबाण सेनेला मिळायला अजून वेळ होता. म्हणून लोकांच्या डोक्यात 'सेनेचा एकमेव आमदार' या नावाखाली तिन्ही गोष्टींची सरमिसळ होते. १९९० ला ५२ आले, मग एकमेव वगैरे विषयच संपला. भुजबळ १९९१ ला सेना सोडून गेले आणि १९९५ ला त्याच माझगावात बाळा नांदगावकरांकडून हरले, तेच ते वरचे नांदगावकर.

आणि एक लक्षात आलं का? परळ, गिरगाव, माझगाव, सेनेच्या सुरुवातीच्या वीस वर्षांतले आमदार ज्या तीन ठिकाणांहून आले त्यातला एकही मतदारसंघ आज नकाशावर नाही. गिरगाव तर आधीच्या फेररचनेत गेला, १९७८ च्या यादीत तिकडे खेतवाडी आणि ऑपेरा हाऊस अशी नावं दिसतात, आणि मग २००८ ला ती दोन्हीही गेली.

प्रश्न : गिरण्या बंद पडल्या, कामगार देशोधडीला लागला, म्हणून परळ मतदारसंघ रद्द झाला, बरोबर ना? टॉवरवाल्यांनी आमचा आमदारही खाल्ला म्हणा की.

दादा, राग समजतो पण हिशोब तसा नाही. अर्धा तसा आहे. बसा, थोडे आकडे सांगतो, कंटाळू नका, इथेच सगळी मेख आहे.

२००८ च्या आधी मुंबईत ३४ आमदार होते, शहर जिल्ह्यात म्हणजे कुलाब्यापासून माहीम-धारावीपर्यंत १७ आणि उपनगरात १७. अगदी बरोबर निम्मे निम्मे. हे निम्मे का, तर तो नकाशा १९७१ च्या जनगणनेवर काढलेला होता. १९७१ ला शहरात माणसं होती ३०.७ लाख आणि उपनगरात २९ लाख. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ५ कोटी ४ लाख, आमदार २८८, म्हणजे एका आमदारामागे साधारण पावणेदोन लाख माणूस. भागून बघा, दोन्हीकडे १७ च्या आसपासच येतात.

मग पुढची तीस वर्षं काय झालं? १९७६ ला आणीबाणीत ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि जागांचं वाटप गोठवून टाकलं, २००० नंतरची पहिली जनगणना होईपर्यंत काही हलवायचं नाही. कारण असं सांगितलं गेलं की कुटुंबनियोजन नीट करणाऱ्या राज्यांना जागा कमी होऊन शिक्षा होऊ नये. मुद्दा राज्याराज्यांमधला होता, पण फटका राज्याच्या आतल्या नकाशालाही बसला, तोही गोठला. म्हणून १९७८ ते २००४ सात निवडणुका झाल्या, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९ आणि २००४, आणि सातही निवडणुका त्याच एका नकाशावर. मधल्या काळात १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडला, तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, गिरण्या एकेक करून गेल्या, त्या जागेवर मॉल आले, ऑफिसं आली, पण परळ मतदारसंघाची रेघ मात्र १९७६ ला जिथे मारली होती तिथेच.

२००१ ची जनगणना आली तेव्हा शहरात माणसं किती? ३३.४ लाख. म्हणजे १९७१ पेक्षा कमी नाहीत, उलट अडीच-पावणेतीन लाख जास्तच! म्हणून म्हणतो परळ रिकामा झाला आणि आमदार गेला असं सरळ नाही. मधे १९९१ ला शहराची लोकसंख्या घटून ३१.७ लाखांवर आली होती हे खरं, पण एकंदरीत शहर तीस वर्षं होतं तिथेच उभं राहिलं. आणि उपनगर? २९ लाखांवरून ८६.४ लाख. तिप्पट. ठाणे जिल्हा २२.८ लाखांवरून ८१.३ लाख, साडेतीन पट. राज्य ९ कोटी ६९ लाख. आमदार तेवढेच, २८८. आता एका आमदारामागे ३ लाख ३६ हजार माणूस हवा. शहराचे ३३.४ लाख भागिले ३.३६, उत्तर येतं दहाला जरासं कमी, म्हणून १० जागा. उपनगराचं उत्तर २५.७, म्हणून २६. ठाण्याचं २४.२, म्हणून २४, आधी होत्या १३.

म्हणजे शहराच्या सात जागा गेल्या, उपनगराला नऊ वाढल्या, ठाण्याला अकरा. परळ, माझगाव, दादर, नायगाव, माटुंगा, चिंचपोकळी, नागपाडा, उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, ही सगळी नावं एका फटक्यात यादीतून गेली. दादर म्हणजे मनोहर जोशींचा मतदारसंघ, मुख्यमंत्री झाले तेव्हा ते तिथलेच आमदार होते, तोही वाचला नाही, आज त्या भागात माहीम आहे.

आता गिरणीचा संबंध कुठे येतो ते सांगतो, कारण संबंध आहेच. गिरण्या चालू राहिल्या असत्या तरी परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत अजून किती माणसं मावणार होती? पुढची पिढी बाहेर पडणारच होती, संपानंतर ती धडाधड बाहेर पडली इतकंच. डोंबिवली, कल्याण, विरार, नालासोपारा. आणि नव्या नकाशात नवे मतदारसंघ कुठे निघाले बघा, डोंबिवली, नालासोपारा, मीरा-भाईंदर. पहिल्या प्रश्नातल्या ताईंना हेच सांगायचं होतं, की तुमच्या सासऱ्यांचा परळ तुमच्या पाठोपाठच डोंबिवलीला आला. फेररचना करणाऱ्या आयोगाने जनगणनेतली माणसं बघितली, आणि माणसं तिकडे होती. टॉवरवाल्यांनी जागा खाल्ली असेल, आमदार मात्र लोकलने गेला.

प्रश्न : तुम्ही मुंबईचंच लिहिता नेहमी. आमच्या संगमेश्वरचा मतदारसंघ पण गेला, त्यावर कोणी दोन ओळी लिहीत नाही.

लिहितो की. आणि खरं तर तुमचं आणि परळचं दुखणं एकच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात आधी सात जागा होत्या, राजापूर, रत्नागिरी, संगमेश्वर, गुहागर, चिपळूण, खेड, दापोली. आता पाच. संगमेश्वर आणि खेड गेले. सिंधुदुर्गात चार होत्या, सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, देवगड. आता तीन, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली. हिशोब तोच, २००१ ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाखांच्या आत, भागिले ३.३६ म्हणजे पाच. आणि त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या. पुरुष कुठे होते ते तुम्हाला मी काय सांगू, प्रत्येक घरातला एक तरी मुंबईला.

आता हे जोडून बघा. परळ-लालबागला गिरणीत कोण होतं? रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरचा माणूस. २००८ ला रत्नागिरीच्या दोन जागा गेल्या, सिंधुदुर्गाची एक, साताऱ्याच्या दहाच्या आठ झाल्या, त्यात खटाव आणि जावळी गेले, कोल्हापूरच्या बाराच्या दहा झाल्या. आणि इकडे गिरणगावातलं परळ गेलं. म्हणजे चाकरमान्याचा गावचा मतदारसंघही गेला आणि मुंबईचाही गेला, एकाच यादीत. संगमेश्वरचा माणूस परळला राहत असेल तर त्याचे दोन्ही गेले. असे हजारो असतील. आम्ही दोन्हीकडचे आहोत असं म्हणणाऱ्या माणसाची नोंद शेवटी तिसरीकडेच, ठाणे जिल्ह्यात झाली.

नेत्यांची पण पळापळ झालीच. खेडचे रामदास कदम २००९ ला गुहागरला उभे राहिले आणि भास्कर जाधवांकडून पडले. मालवणचे नारायण राणे कुडाळला गेले, २००९ ला निवडून आले, २०१४ ला तिथेच पडले. जावळीचे शशिकांत शिंदे कोरेगावला गेले आणि तिथून निवडून आले. मतदारसंघ गेला म्हणून नेता संपला असं होत नाही, पण घरचं अंगण सुटलं की काही जणांचे पाय अडखळतात, एवढं दिसतं.

प्रश्न : तासगाव आणि कवठे महांकाळ हे वेगवेगळे होते ना? मग आबांच्या मतदारसंघाला जोडनाव का?

हो, वेगळे होते. सांगली जिल्ह्यात आधी नऊ जागा, आता आठ, म्हणून एक कमी करायची होती. तासगावमधून आर. आर. पाटील, म्हणजे आबा, १९९० पासून २००४ पर्यंत सलग चार वेळा आमदार, कवठे महांकाळमधून अजितराव घोरपडे. दोन तालुके एकत्र आणले आणि तासगाव-कवठे महांकाळ असं जोडनाव पडलं. दोन आमदारांच्या जागी एक सीट, मग काय होणार होतं, २०१४ ला आबा आणि घोरपडे समोरासमोर आलेच, घोरपडे भाजपकडून, आणि आबा जिंकले. फेब्रुवारी २०१५ मध्ये आबा गेले, पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुमनताई आल्या आणि २०२४ ला मुलगा रोहित.

त्याच जिल्ह्यात वाळव्याचं नाव गेलं आणि इस्लामपूर आलं, पण जयंतराव पाटील २००४ पर्यंत वाळव्यातून आणि २००९ पासून इस्लामपुरातून निवडून येतच राहिले. पतंगराव कदमांचं भिलवडी-वांगी गेलं, पलूस-कडेगाव आलं. इथे नाव बदललं, माणूस तोच राहिला. तसंच बीडकडून रेणापूरबद्दल पत्र होतं, तेही इथेच घेतो. गोपीनाथ मुंडे आमदार होते ते रेणापूरचे. तो मतदारसंघ गेला, परळी नावाचा नवा आला, रेणापूर तालुका लातूर ग्रामीणमध्ये गेला. नव्या फेररचनेत एक नियम होता की विधानसभा मतदारसंघ एकाच जिल्ह्यात बसला पाहिजे, जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही. मुंडेसाहेब स्वतः २००९ ला लोकसभेत गेले आणि परळीतून त्यांची मुलगी पंकजाताई आमदार झाल्या.

प्रश्न : आम्हाला न विचारता मतदारसंघ रद्द कसा करतात? कोर्टात जाता येत नाही का?

विचारतात, निदान कागदावर तरी. २००२ च्या कायद्याने जो आयोग नेमला त्याचे अध्यक्ष सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. प्रत्येक राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सोबतीला असतात, बोलू शकतात, पण त्यांना मत नसतं. आयोग मसुदा छापतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. आता गिरणगावातल्या किती जणांना तो मसुदा माहीत होता हे तुम्हीच सांगा. सरकारी राजपत्र वाचायची सवय आपल्याला नाही, आणि सुनावणीत जाऊन बोलणारे शेवटी पक्षाचेच लोक असतात, आपापली वस्ती धरून ठेवायला आलेले.

कोर्टाचं म्हणाल तर घटनेचं कलम ३२९ आड येतं, आणि सुप्रीम कोर्टाने १९६६ मध्येच मेघराज कोठारी खटल्यात सांगून टाकलं की आयोगाचा आदेश एकदा राजपत्रात आला की तो कायद्यासारखा, त्याला आव्हान नाही. लोकसभेसमोर आणि विधानसभेसमोर आदेश ठेवतात, पण त्यात काना-मात्रा बदलायचा अधिकार त्यांनाही नाही. मला विचाराल तर हे ठीकच आहे, कारण आमदारांच्या हातात दिलं असतं तर प्रत्येकाने स्वतःच्या सोयीची रेघ मारली असती आणि २००८ चा नकाशा २०२८ ला आला असता. पण मग सुनावणी तरी चाळीच्या पायरीवर व्हावी, एवढं वाटतं.

फेब्रुवारी २००८ मध्ये तो आदेश लागू झाला. नव्या नकाशावर पहिली विधानसभा निवडणूक कर्नाटकात झाली, त्याच वर्षी, आपल्याकडे १३ ऑक्टोबर २००९ ला.

प्रश्न : पुन्हा फेररचना झाली तर परळ परत येईल का?

नाव काय, आयोगाने ठेवलं तर येईलही, पण जागा वाढून परत येणं अवघड. ८४ व्या घटनादुरुस्तीत असं ठरलं की २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागांची संख्या बदलायची नाही. २०११ च्या आकड्यांवर नुसता कागदी हिशोब करून बघितला, मजा म्हणून. शहराची लोकसंख्या २००१ च्या ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर उतरली होती, म्हणजे आता मात्र खरंच घटली. २८८ च जागा धरल्या तर एका आमदारामागे ३ लाख ९० हजार माणूस, आणि शहराच्या वाट्याला दहा नाही, आठच येतात. आणि उपनगर, जे २००८ ला सगळ्यात जोरात होतं, त्याचे २६ चे २४ होतात. ठाणे (पालघर धरून) २४ चं २८ वर जातं. म्हणजे उद्या अंधेरी-घाटकोपरवाल्यांनी याच सदरात पत्र पाठवलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. एकूण जागा वाढवल्या तर हिशोब वेगळा होईल, तो तेव्हा बघू.

प्रश्न : जुन्या मतदारसंघाचे निकाल बघायचे असतील तर कुठे? नंबर जुळत नाहीत.

निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर १९५१ पासूनचे प्रत्येक विधानसभेचे सांख्यिकी अहवाल आहेत, पीडीएफ उतरवून घ्या. दोन गोष्टी लक्षात ठेवा. १९५२ आणि १९५७ चे निकाल महाराष्ट्र नावाने शोधू नका, तेव्हा मुंबई राज्य होतं, त्यात काही मतदारसंघांतून दोन-दोन आमदार निवडून यायचे, ती पद्धत १९६१ ला बंद झाली, त्यामुळे एकाच नावापुढे दोन विजेते दिसले तर छपाईची चूक समजू नका.

नंबराचं म्हणाल तर ते जुळणारच नाहीत. २००४ पर्यंत यादी कोकणाच्या टोकापासून सुरू व्हायची, सावंतवाडी १. आता नंदुरबारच्या अक्कलकुव्यापासून सुरू होते आणि सांगलीच्या जतला २८८ वर संपते. म्हणून नंबर सोडा, नावाने शोधा, आणि इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेने टाकून बघा. १९७० ची पोटनिवडणूक मात्र या अहवालांत सापडणार नाही, त्यात सार्वत्रिक निवडणुकाच आहेत. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं चाळावी लागतील, मोठ्या ग्रंथालयात ऑक्टोबर १९७० ची फाइल मागा.